वायफळपर्यंत जाऊन येतो

आमच्या इमारतीचा चौकीदार रोज संध्याकाळी मला एकच बातमी देतो. मी गाडी लावतो, कुलूप लावतो, भाजीची पिशवी सावरत लिफ्टपाशी पोचतो, तोच मागून हाक येते, "साहेब, गाडी चालू राहून गेली जी!" मी वळून पाहतो. गाडी बंदच असते. पण बॉनेटखालचा पंखा विमान उडायच्या बेतात असल्यासारखा घोंघावत असतो. मी म्हणतो, काका, गाडी बंद आहे, नुसता पंखा चालू आहे. "पण तुम्ही तर उतरले." उतरलो, पण तिला अजून गरम होतंय. यावर तो मान हलवतो आणि खुर्चीवर जाऊन पुठ्ठ्याने वारा घेत बसतो. असे तीन उन्हाळे झाले. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, त्याला कळत नाही. आता वाटतं, त्याला सगळं कळतं. मालक उतरून गेला तरी गाडीला पंखा मिळतो आणि चौकीदाराच्या केबिनीत पंखा नाही, एवढ्याचीच तो मला रोज एकदा आठवण करून देत असावा.

गाडीचं नाव सांगत नाही. पुढे तिच्याबद्दल जे येणार आहे ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही, आणि काही झालं तरी ती घरची आहे. एवढं सांगतो की ती सेकंडहँड आहे, तिला टर्बो आहे आणि कागदोपत्री १८० अश्वशक्ती आहे. बघायला गेलो तेव्हा जानेवारी होता. सकाळची बोचरी थंडी, रस्ता मोकळा, आणि गाडी अशी सुटली की परत येईपर्यंत मी भाव करायचं विसरलो होतो. नागपुरात गाडी आणि घर जानेवारीत पाहू नये. दोन्हींचा खरा स्वभाव नवतप्यात कळतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो : सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मेअखेरचे जे नऊ दिवस येतात तो आमचा नवतपा. पारा ४५-४६ वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, आणि घराघरांत कूलर एवढ्या जोरात की नवरा-बायकोची भांडणंसुद्धा दिवाळीनंतरवर ढकललेली असतात.

अशा हवेत इंजिन थंड ठेवायचं म्हणजे काय, हे समजायला आधी एक हिशोब लागतो, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांच्या वाट्याला येतो, तोही नशीब चांगलं असेल तर. एक तृतीयांश धुराबरोबर मागच्या नळीतून जातो. उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो, आणि तो बाहेर काढायला पाणी, पंप, रेडिएटर, पंखा ही सगळी वरात लागते. म्हणजे मी शंभर रुपयांचं पेट्रोल टाकतो त्यातल्या सत्तर रुपयांची नुसती हवा गरम करतो. कुठली हवा? नागपूरची. कधी? मे महिन्यात. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला की २ किलोवॅटचे पन्नासेक गिझर एकदम लावावेत एवढी उष्णता त्या पाण्यात उतरते. घरात एक गिझर जास्त वेळ चालू राहिला तर मी मुलावर ओरडतो.

साध्या गाडीचं एवढ्यावर भागतं. टर्बोवाल्या गाडीचा ताप वेगळा. धुराच्या झोताने एक चिमुकलं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. त्या चाकाचं घर जोर लावला की लालबुंद होतं. शिवाय हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंपाच्या नळीला हात लावलेल्या कोणालाही हे माहीत आहे. म्हणून त्या दाबलेल्या हवेला थंड करायला आणखी एक जाळी, इंटरकूलर. आता ४५ अंशांची हवा आत घेतली, ती दाबून शंभराच्या वर नेली, तर तिला थंड करायला समोरून काय येणार? तीच ४५ अंशांची हवा. त्यात तापलेली हवा विरळ. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत प्राणवायू दहाएक टक्क्यांनी कमी. गाडीतला कॉम्प्युटर शहाणा असतो. इंजिनात ठोके पडायला नकोत म्हणून तो ठिणगी उशिरा टाकतो आणि गुपचूप ताकद कमी करतो. थोडक्यात, १८० घोड्यांचे पैसे भरलेल्या माणसाचे बरेचसे घोडे लग्नसराईत गावी गेलेले असतात.

आणि यातली खरी मेख अशी की ही गाडी पळाली की थंड होते आणि थांबली की तापते. माणसाचं उलट असतं. माणूस धावला की घामाघूम होतो, त्याला बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं की निवतो. हिला मोकळ्या रस्त्यावर सोडली की समोरून भणाणणारा वारा जाळीतून जातो आणि ही शांत. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला दीड मिनिट उभी केली की फणफणते. पळण्यासाठी जन्मलेली गाडी मी अशा गावात आणली आहे जिथे तिचा बहुतेक दिवस ई-रिक्षाच्या मागे ताशी पंधराच्या वेगाने जातो. एखाद्या पहिलवानाला बँकेत टोकन घेऊन बसवावं तसं.

पहिले दोन महिने मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ते सुखाचे होते. समोरचा काटा कायम ९० वर. ऊन असो, सिग्नल असो, काटा ९०. मी लोकांना अभिमानाने सांगायचो, बघा, हलत नाही. मग एका मित्राने अंगठ्याएवढं एक यंत्र दिलं. ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसवलं की गाडीच्या पोटातले खरे आकडे मोबाइलवर दिसतात. त्या दिवशी कळलं की कित्येक गाड्यांत तो काटा मुद्दाम खोटं बोलतो. पाणी ७५ अंशांवर असो की १०५, तो ९० दाखवतो. गिऱ्हाइकाने उगाच घाबरून गॅरेजात येऊ नये म्हणून. आमच्या एका मावशीला कधीही विचारा, "कशी आहेस?" "मजेत." अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या टेबलावरूनही मजेत. काटा तिच्या माहेरचा.

तेव्हापासून मी रस्ता पाहणं सोडलं. मोबाइलवर ९६, ९८, १०१. पंखा लागला, ९७. हुश्श. सिग्नल, ९९. बायको शेजारी बसून काहीतरी महत्त्वाचं सांगत असते आणि मी म्हणतो, "१०३." ती म्हणते, "कोणाला ताप आहे?" पूर्वी आमच्या घरात मुलाचा ताप एवढ्या वेळा मोजला गेला नाही. (फॅरनहाइटमध्ये १०३ ही खरोखर दवाखान्यात न्यायची वेळ, सेल्सिअसमध्ये काही बिघडत नाही, हे घरात कोणाला पटवून देता आलेलं नाही.)

वास्तविक शंभराच्या वर गेलं म्हणून पाणी उकळत नाही, आणि हे समजायला इंजिनिअरिंग कॉलेज नको, आपल्या ओट्यावरचा कुकर पुरे. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते, ती आत साधारण वातावरणाएवढाच जादा दाब धरून ठेवते, म्हणून साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरात तुरीची डाळ शिजते ती याच हिशोबाने. त्यात निम्मं कूलंट मिसळलं की उकळबिंदू आणखी वर जातो आणि आतले धातूही गंजत नाहीत. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं, केशरी अशा रंगांत मिळतं आणि भलत्या जाती एकमेकांत मिसळल्या तर आत गाळ धरतो. घरातली कोणतीही बाई वाफ गेल्याशिवाय कुकर उघडत नाही. पण गाडी तापून रस्त्याच्या कडेला थांबली की पाच मिनिटांत एक तरी पुरुष असा येतो, ज्याला पहिल्यांदा झाकणच उघडायचं असतं.

तो माणूस मला गेल्या वर्षी भेटला. मे महिन्यातलं लग्न, आई पैठणीत मागे, बायको पुढे, आहेराचं पाकीट डॅशबोर्डवर. सीताबर्डीत गर्दी. १०४, १०७. पंख्याचा आवाज येत नव्हता. मी आधी एसी बंद केला, कारण एसीची जाळी रेडिएटरच्या बरोबर पुढे असते आणि आपली गरम हवा त्याच्याच तोंडावर सोडते. काचा खाली. आत झळा. १०९. मग मी पुस्तकातला शेवटचा उपाय केला. गाडीचा हीटर म्हणजे खरं तर एक छोटा रेडिएटरच असतो; तो पूर्ण सोडला की इंजिनाची थोडी उष्णता डब्यात येते आणि इंजिन तेवढं सुटतं. उपाय शास्त्रशुद्ध आहे. मी बटण लाल टोकापर्यंत फिरवलं, पंखा चारवर. बाहेर ४५ अंश, आणि आत पायांवर भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आई मागून शांतपणे म्हणाली, "काऊन रे, बाहेर कमी पडून राहिलं का?"

चौकाच्या पुढे गाडी कडेला घेतली तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती. वाफ दिसली की नागपुरी माणूस हातातलं काम टाकून येतो, हा त्याचा मोठेपणा. एकजण बाटलीभर बर्फाचं पाणी घेऊन आला. ते तापलेल्या लोखंडावर ओतायला मी देत नाही म्हटल्यावर त्याने रागाने स्वतः प्यायलं. दुसऱ्याने निदान केलं, "हेड गेलं, भाऊ." तिसरा म्हणाला, हेड नाही, गॅस्केट. दोघांत पैज लागली. आणि मग तो आला, खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळत, थेट झाकणाकडे. मी आडवा पडलो म्हणून लग्नघरी जाण्याऐवजी जळिताच्या वॉर्डात जाणं टळलं. आई आणि बायको रिक्षाने गेल्या. मी तासभर रसवंतीवर बसून गाडी निवण्याची वाट पाहिली. तीन ग्लास प्यायलो. रसवंतीवाला म्हणाला, "मोठी गाडी असली की असंच होते."

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी पाहिलं. काडेपेटीएवढा एक रिले जळाला होता. तो पंख्याला वीज देतो. आहेरापेक्षा कितीतरी स्वस्त. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबणारा नाही. पुढचा बंपर उतरवून त्याने मला बोलावलं. "इकडे या भाऊ. हे काय गादी भरून राहिले तुम्ही?" एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पांढरा मऊ थर बसला होता. मला आधी कळेना. मग बोटांनी ओढला तर कापूस! एप्रिलमध्ये काटेसावरीची बोंडं फुटतात आणि तिचा कापूस सगळ्या सिव्हिल लाइन्सभर तरंगत असतो. मी त्याचे फोटो काढून ग्रुपवर पाठवत होतो, आणि गाडी तोच वर्षभर नाकात साठवत होती. त्यात किडे, धूळ आणि लग्नाच्या मांडवातली चमकी. मिस्त्रीने आतल्या बाजूने, साध्या नळाच्या पाण्याने, झाडांना घालावं तसं हळू पाणी मारलं. जोराच्या पाण्याने जाळीची पातळ पानं वाकतात आणि मग वारा शिरतच नाही. धुलाई केंद्रात पिचकारीने चकाचक करून घेतलेली माझी जाळी निम्मी वाकलेली निघाली. तासभर तो चिमट्याने एकेक पान सरळ करत होता. एवढ्या मायेने मी कोणाला उवा काढतानाही पाहिलं नाही.

मधेच त्याने बॅटरीशेजारच्या खाचेत हात घातला आणि काहीतरी काळपट, गोल बाहेर काढलं. बराच वेळ उजेडात धरून पाहिलं. "भाऊ, हा कोणता पार्ट आहे?"

तो कांदा होता. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही आईची श्रद्धा. आणि गाडीला ऊन लागतं हे कळल्यावर तिने एक कांदा माझ्या हातात देऊन तो बॉनेटखाली ठेवायला लावला होता. मी मुकाट्याने ठेवला, कारण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. एका बाजूने तो छान खरपूस भाजला होता. मिस्त्रीने वास घेतला आणि जिथे होता तिथे परत ठेवला. म्हणाला, "राहू द्या. त्या काट्यापेक्षा खरं सांगते."

सल्ले यानंतर पुष्कळ आले. शेजारचे काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. दरवर्षी आपल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या स्वतः बांधतात. ते म्हणाले, जाळीपुढे एक ताटी बांध, वर टुल्लू पंपाने पाण्याची धार सोड, बघ कसं गार होतं. मी हसलो. घरी येऊन सहज वाचलं, आणि हसू गेलं. जपानच्या सुबारू कंपनीच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय या रॅलीत गाजलेल्या गाडीला एक बटण होतं. दाबलं की डिकीतल्या टाकीतून पाणी येऊन इंटरकूलरवर फवारलं जायचं. बीएमडब्ल्यूने २०१६ च्या एम४ जीटीएसमध्ये तर आत जाणाऱ्या हवेतच पाण्याचे तुषार सोडले. म्हणजे जगातले नामांकित इंजिनिअर शेवटी आमच्या काकांच्या बाल्कनीत येऊन पोचले. फक्त वाळा घालायचा त्यांना सुचला नाही. आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईत ही युक्ती लंगडी पडेल. तिथे हवाच ओली, म्हणून तर मुंबईकराला आमच्या कूलरचं सुख कळत नाही.

तरी बाकीच्यांचा संसार पाहिला की आपला बरा वाटतो. पोर्शने ९११ ही गाडी १९६० च्या दशकापासून नुसत्या हवेवर थंड ठेवली, पाणीच नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पाणी घातलं तर भक्तमंडळींनी सुतक पाळलं. बुगाटी वेरॉनला तर दहा रेडिएटर आहेत. दहा! माझा एक साफ करायला बंपर उतरवावा लागतो. वेरॉनच्या मालकाच्या अंगणात सावर असेल तर त्याने ती तोडावी हे बरं.

पण मला मनापासून आवडतो तो १९७८ चा किस्सा. फॉर्म्युला वनमधल्या ब्राबॅम संघासाठी गॉर्डन मरेने बीटी४६बी नावाची गाडी केली आणि तिच्या पाठीला एक भला मोठा पंखा लावला. नियम असा, की गाडीला रस्त्यावर दाबून धरण्यासाठी हलणारे भाग लावायचे नाहीत. पण ज्या भागाचं मुख्य काम दुसरं काही आहे तो चालेल. ब्राबॅमवाले म्हणाले, हा पंखा आहे रेडिएटर थंड ठेवायला. आणि तो ठेवत होताच. फक्त त्याबरोबर गाडीच्या पोटाखालची हवा शोषून घेऊन गाडी रस्त्याला चिकटवून ठेवत होता, हे जरा बाजूला. शर्यतीआधी कोणी डोकावू नये म्हणून त्यांनी त्या पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं होतं. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला निकी लाउडा त्या गाडीत बसला आणि जिंकला. गलका झाला, गाडी मागे घेतली गेली, ती पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. जिंकलेली शर्यत मात्र त्यांच्याकडेच राहिली. "थंड ठेवायला" या दोन शब्दांत एवढं सामर्थ्य आहे, हे वाचून माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कारण इलाज तर समोरच होता. गाडी पळाली की थंड होते. आणि आमच्याकडे समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आणि कारला ताशी १२० ची कायदेशीर परवानगी. शहराबाहेर शिवमडक्याला चढायचं, आणि दहा-बारा किलोमीटरवर पहिला टोलनाका लागतो. त्याचं नाव वायफळ. हे मी रचलेलं नाही. तसं गावच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान उद्घाटनाला आले तेही वायफळपर्यंत गेले होते. त्यामुळे उन्हाळ्याच्या संध्याकाळी मी घरात जाहीर करायला लागलो, "इंजिन फार तापलंय, थंड करून आणतो. वायफळपर्यंत जाऊन येतो." बायको म्हणायची, "ते दिसतंच आहे."

आणि खरंच सांगतो, शहरातून १०२ वर फणफणत निघालेली ती मोकळ्या रस्त्याला लागली की पाच मिनिटांत ८९ वर येते आणि तिथून हलत नाही. आतलं मेणाचं थर्मोस्टॅट शांतपणे दार उघडझाप करतं, रजेवरचे घोडे एकेक करून हजर होतात. मग मी मोबाइल उलटा ठेवतो. हे करताना टायरमधली हवा आधी तपासावी लागते, कारण तापलेल्या काँक्रिटवर इंजिन थंड ठेवण्याच्या नादात टायर फुटले तर रसवंतीही जवळ नाही. घरी परतल्यावर लगेच बंद करायचं नाही. टर्बोच्या गळ्यातलं तेल जागीच जळू नये म्हणून मिनिटभर चालू ठेवून बसायचं. ते मिनिट मी पार्किंगच्या अंधारात डोळे मिटून बसतो. बायकोला बरेच दिवस वाटत होतं की मी कोणाशी तरी फोनवर बोलतो.

यंदा पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरच्या एका पहाटे पारा नऊ अंशांवर होता. मी मफलर गुंडाळून, आवाज न करता चावी उचलली. स्वेटरवर शाल आणि शालीवर गोधडी घेऊन दिवाणावर बसलेल्या आईने विचारलं, "काऊन रे, तापली का गाडी?"

मी क्षणभर गडबडलो. मग खरं तेच सांगितलं : थंडीत इंजिनातलं तेल घट्ट होतं, शहरातल्या शहरात ते नीट गरमच होत नाही, आठवड्यातून एकदा लांब पळवून ते गरम करून आणावं लागतं.

"मंग जा," आई म्हणाली. "पण तो कांदा काढून घे. थंडीत नाई लागत."